भाऊजी लॉजवर का उतरले

१

विमा कंपनीचा नकार सकाळच्या चहाच्या वेळी आला आणि चहा सगळ्यांच्या कपात निवून गेला.

मुलाने तो मोबाइलवर दोनदा वाचला, आधी मनात, मग मोठ्याने. मोठ्याबाईंचं शिक्षण पाटी-पेन्सिलीच्या पुढे गेलेलं नव्हतं, त्यामुळे कंपनीची भाषा त्यांच्या डोक्यावरून गेली. पण उभा जन्म दुकानदाराच्या घरात काढलेला. नकार कितीही शालीत गुंडाळून आणला तरी त्याची पावलं त्यांना जिन्यावरच ओळखू येत.

"सरळ सांग," त्या म्हणाल्या. "भाऊजींच्या इस्पितळाचे पैसे देतायत का?"

"नाही देत."

मग मुलाने फोड करून सांगितलं. भाऊजी म्हणजे मोठ्याबाईंचे धाकटे दीर. ते मोठ्याबाईंच्या परदेशातल्या नातीकडे गेले तेव्हा त्यांचा प्रवासाचा विमा उतरवला होता, तो परतीच्या तिकिटाच्या तारखेपर्यंतच. पुढे भाऊजींनी मुक्काम लांबवला. मुक्काम लांबवायचा तर विम्याची मुदतही ती संपायच्या आत लांबवून घ्यावी लागते, आणि ती कुणी घेतलीच नाही. मुदत संपली आणि दुसऱ्याच दिवशी भाऊजी एका लॉजच्या जिन्यावरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण शुद्ध अजून धड नाही. कंपनी म्हणते, त्या दिवशी हे गृहस्थ आमचे कुणी नव्हते.

"तिकडचं इस्पितळ म्हणजे दारात हत्ती बांधणं आहे, आई. खालचा गाळा विकल्याशिवाय गत्यंतर नाही. चष्मेवाला कधीचा मागतोय. संध्याकाळी बयाणा घेऊन ये म्हणून सांगतो त्याला."

मोठ्याबाई गप्प राहिल्या. त्या गप्प राहिल्या की घरातली मांजरसुद्धा जागा बदलायची.

खालचा गाळा म्हणजे एकेकाळचं त्यांचं बॅगांचं दुकान. ट्रंका, सुटकेसा, चामड्याच्या थैल्या. मालक, म्हणजे मोठ्याबाईंचे यजमान, माल आणायचे आणि भाऊजी गल्ल्यावर बसायचे. भाऊजींनी लग्न केलं नाही. केलं असेल तर त्या गल्ल्याशीच. जगभर जाणाऱ्यांना त्यांनी बॅगा विकल्या आणि स्वतः घाऊक बाजारापलीकडे गेले नाहीत. दुकानाचे काही नियम होते. काही शब्द उंबऱ्याच्या आत उच्चारायचे नाहीत. माल नसला तरी गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायचं नाही, 'येणार आहे' म्हणायचं. कितीएक माणसं त्या 'येणार आहे'वर वर्षानुवर्षं चकरा मारत आणि दर चकरेला दुसरंच काहीतरी घेऊन जात. दिवेलागण उलटली की भाऊजी खालून वर हाक घालत. मोठ्याबाई पोळपाटावरून होकार देत, आणि तो होकार आल्याशिवाय शटर खाली येत नसे. मालक गेले, गिऱ्हाईक मोठ्या दुकानांकडे वळलं, शटर कायमचं खाली आलं. पण चामड्याचा आणि मेणाचा वास अजून त्या गाळ्यात होता. मोठ्याबाई आठवड्याला एकदा किल्ली घेऊन खाली उतरत, ती झाडलोट करायला असं सांगून.

आणि आता त्या वासावर चष्मे लागणार होते.

"एक गोष्ट मला कळत नाही," मुलगा कप बाजूला सारत म्हणाला. तो आईशी बोलत होता, पण बघत होता बायकोकडे. "मुदत लांबवायचे पैसे मी आधीच देऊन ठेवले होते. तुझ्या सुनेच्या खात्यात. ते गेले कुठे?"

२

सून बँकेत नोकरी करणारी, नोकरदारांच्या घरातून आलेली. दुकानाशी तिचा संबंध नव्हता. लग्नात मिळालेली सुटकेस सोडली तर बॅगेशीही नव्हता. मोठ्याबाईंचं आणि तिचं भांडण कधी झालं नाही, कारण भांडायला जवळ यावं लागतं.

मुलगा आंघोळीला गेला तशा मोठ्याबाईंनी तिला समोर बसवलं.

"पैसे कुठायत?"

"खात्यातच आहेत. हात लावलेला नाही."

"मग पाठवले का नाहीस?"

सुनेने सांगितलं, मुदत संपायला थोडे दिवस असताना काकांचा फोन आला होता. आपण त्यांना विचारलं, विम्याचे पैसे भरून टाकू का? ते नको म्हणाले. मुक्काम, तिकीट, विमा, सगळ्याची मुदत त्यांनी तिकडेच लांबवून घेतली होती.

"असं म्हणाले?"

"हो. म्हणून नाही पाठवले."

"आणि नवऱ्याला सांगितलं नाहीस."

सून थोडी घुटमळली. बँकेत वर्षअखेरीची गडबड होती, म्हणाली, राहून गेलं, विसरले.

"विसरायला पैसे म्हणजे काय छत्री आहे?"

सुनेचा चेहरा उतरला. ती उठली, कप गोळा केले आणि मोरीवर जाऊन नळ मोठा सोडला. रडायचं असलं की ती नळ सोडते हे मोठ्याबाईंना ठाऊक होतं, पण ते ठाऊक असल्याचं त्यांनी कधी दाखवलं नव्हतं.

त्या तिथेच बसून राहिल्या. सून खोटं बोलणारी नाही. ती रुसेल, फुगेल, मोजून चार शब्द बोलेल, पण खोटं नाही. मग भाऊजी खोटं बोलले? ज्या माणसाने शिलाईत एक टाका चुकला तर बॅग विकायची नाही म्हणून बाजूला ठेवली, तो मुदत लांबवली म्हणून थाप मारेल?

दोघांपैकी कुणीच खोटं बोललं नसेल, तर मधल्या मध्ये तिसऱ्याने काही खाल्लं होतं. मोठ्याबाईंनी चपला पायात सरकवल्या. विमेवाला दोन गल्ल्या सोडून बसायचा.

३

विमेवाला त्यांना बघून उभा राहिला आणि उभ्या उभ्याच घामाघूम झाला. लहानपणी दुकानात शिरून भाऊजींच्या ट्रंकेत लपणारा हाच. तेव्हाही पकडला गेला की असाच घामाघूम व्हायचा.

"काकू, देवाशपथ माझ्याकडे पैसे आलेले नाहीत."

"मी अजून विचारलंय कुठे?"

त्याने खुर्ची पुढे केली आणि आपली बाजू मांडली. मुदत संपत आली तसा त्याने घरी दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा सूनबाई म्हणाल्या, काकांनी तिकडेच काम केलंय. त्याला वाटलं, नातीने ऑनलाइन केलं असेल. आजकालची मुलं एजंटाला विचारतात कुठे? त्याचं कमिशन बुडालं म्हणून तो दोन दिवस रुसलाही होता.

"पण काकू, कंपनीने तपासलं. कुणीच केलेलं नाही. आता एवढंच राहतं की..." तो थांबला.

"बोल. तोंडात काय लाडू आहे?"

"काकांनी नातीला रोख पैसे दिले असतील, विमा भर म्हणून. एकटी पोरगी, परका मुलुख. अडचण असेल काही."

मोठ्याबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने टेबलावरचं पेन उचलून खिशात घातलं, आणि ते त्याचं नव्हतंच हे लक्षात येऊन परत काढलं.

"माझी नात उपाशी राहील, पण म्हाताऱ्याच्या पैशाला हात लावायची नाही. तुझ्या विम्याचे नियम सांग मला. कंपनी कुठे अडते आणि कुठे सुटते?"

आपलं क्षेत्र आल्याबरोबर त्याचा घाम आटला. तो नीट सांगू लागला. विमा हा प्रवासाचा असतो. घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत, पण लिहिलेल्या तारखेच्या आत. आपल्या मर्जीने राहिलात तर आधी कळवून जादा पैसे भरा. आधीच असलेलं दुखणं लपवू नका. इस्पितळात जायची वेळ आली तर आधी कंपनीचा नंबर फिरवा. कागद म्हणून काहीही टाकू नका, अगदी बसचं तिकीटसुद्धा.

"मर्जीने राहिलात तर," मोठ्याबाई म्हणाल्या. "आणि मर्जी नसली तर?"

"म्हणजे?"

त्यांनाही ठाऊक नव्हतं म्हणजे काय. शब्द तोंडातून निसटला होता. त्या उठल्या. दारापर्यंत जाऊन परत वळल्या.

"भाऊजी पडले ते नातीच्या घरी नाही ना?"

"नाही. तिथून लांब, दुसऱ्या गावी. मोठा विमानतळ आहे ते गाव. काका शेवटी तिकडे गेले होते, दोस्ताला भेटायला."

दोस्त म्हणजे कुलूपवाला. त्यांच्या गाळ्याला लागून त्याची टपरी होती. म्हातारपणी मुलाकडे परदेशी गेला. भाऊजींच्या बॅगेला त्याचंच कुलूप. दोघांची मैत्री अशी की एक शिंकला की दुसरा रुमाल काढायचा.

"त्या गावात कुलूपवाल्याचं घर आहे," मोठ्याबाई सावकाश म्हणाल्या. "घर, अंगण, सून, नातवंडं. मग भाऊजी लॉजवर कशाला उतरले?"



४

दुपारी नातीचा फोन आला. ती इस्पितळातूनच बोलत होती. आवाज बसला होता.

मोठ्याबाईंनी तिला पैशाबद्दल विचारलंच नाही. विचारलं ते भलतंच: छोटे आजोबा तुझ्या घरून निघाले तेव्हा काय काय घेऊन निघाले?

"सगळंच, आजी. मी म्हटलं, दोन दिवस मित्राकडे जाताय, छोटी बॅग न्या. ऐकलं नाही. काळी मोठी बॅग नेली. त्यांची ती शिवायची आरी, मेण, सगळं."

"आणि खोली?"

"खोली एकदम रिकामी. चादरीची घडी. माझ्या दोन रिकाम्या बॅगा पडल्या होत्या ना, त्यांच्यात वर्तमानपत्राचे बोळे भरून ठेवले होते. वेड्यासारखं. म्हटलं, म्हातारपण."

मोठ्याबाईंच्या डोळ्यांसमोर गाळा उभा राहिला. रिकाम्या बॅगेत कागदाचे बोळे भरायचे, म्हणजे ती पोचट पडत नाही, आकार धरून राहते. भाऊजी ज्या बॅगांना पुन्हा लवकर हात लागणार नाही त्यांनाच असं करायचे.

"तुला काय म्हणाले निघताना?"

"'येतो गं' म्हणाले. डोक्यावर हात ठेवला. मी त्यांना महिनाभर राहा म्हणून किती सांगत होते, आजी. माझं नवीन घर लागेपर्यंत. त्यांनी एकदाही नाही म्हटलं नाही."

"काय म्हणायचे?"

"'बघू, येणार आहे तुझं घर, येणार आहे.'"

मोठ्याबाईंनी फोन घट्ट धरला. मोरीतला नळ चालू होता. त्यांनी हाताने खूण केली तशी सुनेने तो बंद केला आणि ओले हात घेऊन दारात उभी राहिली.

नात पुढे बोलत होती. छोटे आजोबा मधूनच डोळे उघडतात, पण माणसं ओळखत नाहीत. एकच शब्द बोलतात, सारखा. 'वाढवू का? वाढवू का?' नर्सने विचारलं, काय म्हणतायत? नातीने सांगितलं, वाढवा म्हणतायत, थंडी वाजत असेल. तिने हीटर वाढवला. खोली भट्टीसारखी झाली, नर्सच्या कपाळावर घाम आला, तरी आजोबांचं 'वाढवू का' चालूच. मग जेवण वाढवलं, तर ताट सरकवलं. वेदनेचं औषध वाढवायचं का म्हणून डॉक्टरांना विचारलं.

"काय वाढवू, आजी? मला काही कळत नाही."

मोठ्याबाईंनी फोन छातीशी धरला आणि दारातल्या सुनेकडे वळल्या. आवाज चढलेला नव्हता, उलट इतका खाली गेला होता की सून दोन पावलं पुढे आली.

"भाऊजी तुला फोनवर काय म्हणाले? तुझ्या शब्दांत नको. त्यांच्या."

५

सुनेने डोळे मिटले. बँकेतली बाई, आकडा आणि शब्द तिच्या डोक्यात जसा पडला तसाच राहायचा, फक्त कुणी काढून मागायला हवा होता.

"मी म्हटलं, काका, विम्याची तारीख जवळ आली, पैसे भरून टाकू का? ते म्हणाले, 'नको गं पोरी. मी इकडचं सगळं वाढवलं.' आणि फोन ठेवला. परदेशचा फोन महाग म्हणून ते नेहमीच पटकन ठेवायचे."

"'लांबवलं' म्हणाले?"

"नाही. वाढवलं. म्हणजे तेच ना?"

मोठ्याबाई हसल्या. घरातल्या कुणी त्यांना असं हसताना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं, आणि डोळ्यांना पाणीही तेव्हाच आलं. मुलगा आतून धावत आला. त्याला वाटलं, वाईट बातमी.

"किल्ली आण," त्या म्हणाल्या. "आणि विमेवाल्याला बोलाव. सगळे खाली या."

शटर अर्धं वर गेलं आणि चामड्याचा वास बाहेर आला. मोठ्याबाई गल्ल्याच्या पाटावर बसल्या, त्यांच्या जन्मात पहिल्यांदा. ती जागा भाऊजींची.

"तू लहान होतास, पण तुला आठवेल," त्या मुलाला म्हणाल्या. "रोज रात्री तुझे काका खालून काय ओरडायचे?"

मुलगा बघत राहिला. मग त्याचा हात आपोआप शटरच्या कडीकडे गेला. "वहिनी, वाढवू का?"

"आणि मी?"

"'वाढवा.'"

"कुठला दुकानदार दुकान बंद करतो म्हणतो रे? बंद म्हटलं की बंद पडायची भीती. दिवा विझवायचा नाही, वाढवायचा. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. दुकान वाढवायचं. तुम्ही नोकरी धरलीत, तुमच्या तोंडून तो शब्द गेला. भाऊजींच्या नाही गेला. जीभसुद्धा त्यांनी दुकानातच ठेवली होती."

सून एका ट्रंकेवर टेकली. "म्हणजे ते म्हणत होते..."

"आवरलं म्हणत होते. मी इकडचं सगळं आवरलं, आता पैसे कशाला भरतेस, मी घरी निघालो. तू ऐकलंस ते शब्दकोशातलं. चूक तुझी नाही. चूक त्यांचीही नाही. आणि पैसे कुणीच खाल्लेले नाहीत."

मुलाने बायकोकडे बघितलं आणि नजर खाली घातली. मोठ्याबाईंनी ते पाहिलं, पण त्यावर बोलायचं त्याच्यावर सोडलं. त्यांना अजून पुढचं गाठायचं होतं.

"आता जोडून बघा. बॅग सगळी भरून नेली. खोली रिकामी. रिकाम्या बॅगांत बोळे. पोरीला 'येतो' म्हणाले. ती 'राहा, राहा' म्हणत होती, आणि या माणसाला 'नाही' म्हणता येत नाही. माल नसला तर काय म्हणायचं? येणार आहे. तिला तेच म्हणाले. तिच्या तोंडावर नकार द्यायचा धीर झाला नाही, म्हणून दोस्ताला भेटायला जातो म्हणून निघाले. तो दोस्त राहतो विमानतळाच्या गावात. मुक्काम लांबवलाच नव्हता रे. ठरल्या तारखेला घरी यायला निघाले होते."

मग सून हळूच म्हणाली, "आणि त्या तारखेला आपल्यातलं कुणी विमानतळावर गेलं नाही."

"आलेच नाहीत, म्हणून कळलं नाही," विमेवाला म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "पण काकू, मग आले का नाहीत? आणि लॉजवर कशाला?"

"ते कुलूपवाल्याला विचारू."

कुलूपवाल्याचा नंबर काढायला मुलाला तासभर लागला. तो ऐकायला ठार कमी. शेवटी आख्खी गल्ली ऐकेल इतक्या मोठ्याने मोठ्याबाईंनी विचारलं, भाऊजी तुमच्याकडे राहिले का?

"राहिला ना, वहिनी! चांगला पाहुणचार घेतला. आणि तिकिटाच्या दिवशी मीच त्याला विमानतळाच्या बसमध्ये बसवलं. पोचल्याचा फोन नाही केला लेकाने. नेहमीचा चिक्कू."

"पोचले नाहीत हो ते."

मग कुलूपवाला म्हणाला, आणि या वेळी ओरडला नाही, "त्या दिवशी दुपारपासून वादळ होतं. विमानं बसून होती म्हणे. मला वाटलं, हा आधीच सुटला असेल."

विमेवाला उठून उभा राहिला होता. घाम नव्हता. "विमान रद्द झालं की विमान कंपनी उतारूंना लॉजवर ठेवते," तो म्हणाला. "स्वतःच्या खर्चाने. काका लॉजवर उतरले नाहीत, काकू. त्यांना उतरवलं."

"मर्जीने नाही," मोठ्याबाई म्हणाल्या.

"मर्जीने नाही. आणि आपल्या पॉलिसीत कलम आहे. उतारूचा दोष नसताना विमान किंवा गाडी अडली तर विम्याची मुदत आपोआप काही दिवस पुढे जाते. जादा पैसे नाहीत, अर्ज नाही. फक्त विमान कंपनीचा दाखला हवा. मीच विकतो हे, आणि माझ्याच डोक्यात आलं नाही. कारण तुम्ही सगळे सांगत होतात, काका मर्जीने राहिले. मी क्लेममध्ये तसंच लिहिलं."

तो तिथेच ट्रंकेवर बसून नातीला फोन लावू लागला. लहानपणी तो लपायचा ती हीच ट्रंक. आता तो तिच्यात मावला नसता.

६

दाखला संध्याकाळच्या आत आला. विमान रद्द, उतारूंची सोय अमुक लॉजवर, उतारूंच्या यादीत भाऊजी. त्यांचा जुना बटणांचा फोन पडताना फुटला होता, म्हणून विमान कंपनीचे निरोप त्याच्याबरोबरच मेले होते. विमेवाल्याने सगळं विमा कंपनीला धाडलं आणि तिथल्या माणसाशी इतका वेळ बोलला की मोठ्याबाईंनी त्याला मध्येच चहा आणून दिला. प्रकरण पुन्हा उघडलं. आता याला नकार देता येणार नाही, तो म्हणाला, कलम त्यांचंच आहे.

मुलगा बायकोला काय बोलला ते कुणाला ऐकू गेलं नाही. पण मोरीतला नळ बंद होता आणि दोघांच्या कपात चहा गरम होता.

मग मोठ्याबाईंनी नातीला फोन लावायला सांगितलं.

"त्यांच्या कानाशी धर," त्या म्हणाल्या. "आणि तो हीटर कमी कर आधी. माणूस भाजून निघेल."

पलीकडून यंत्रांची टिकटिक ऐकू आली. मग श्वास. मग दुरून, दुकानाच्या तळातून यावा तसा आवाज.

"वहिनी... वाढवू का?"

मोठ्याबाईंना एकदम कणकेचा वास आला. पोळपाट, खालचे पिवळे दिवे, मालकांच्या चपलांचा जिन्यावरचा आवाज. किती संध्याकाळी हे उत्तर त्यांनी मान वरही न करता दिलं होतं, एक हात पिठात. इतके दिवस तो माणूस परक्या मुलुखात शटर धरून उभा होता आणि वरून कुणी होकार देत नव्हतं.

"वाढवा, भाऊजी," त्या म्हणाल्या. "गल्ला मी बघते. कुलूप लावून घ्या आणि झोपा आता. उद्या सकाळी उघडायचंय."

श्वास सावकाश झाला. बऱ्याच वेळाने नात म्हणाली, झोपले, आजी. खरंच झोपले. कपाळावरची आठी गेली.

गाळ्यासमोर चष्मेवाला येऊन उभा होता, हातात बयाण्याचं पाकीट, अंगावर ठेवणीतला शर्ट. तो या बाजारात नवीन. मुलाने आईकडे बघितलं. सांगायचं कसं, हा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर होता.

मोठ्याबाई गल्ल्यावर नीट सरकून बसल्या.

"गाळ्याचं काय ठरलं मग, मावशी?" चष्मेवाल्याने विचारलं.

"येणार आहे," मोठ्याबाई म्हणाल्या.

चष्मेवाल्याचा चेहरा खुलला. पाकीट खिशात ठेवून, पुढच्या आठवड्यात पुन्हा चक्कर मारतो म्हणाला. सुनेने ओठ चावले, पण हसू आवरेना. ती पाठमोरी होऊन एका धूळ बसलेल्या बॅगेवरून फडकं फिरवू लागली.

"नुसते जाऊ नका हो," मोठ्याबाईंनी त्याला हाक मारली. "चष्मे ठेवायला चामड्याची पेटी दाखवू का? भाऊजींच्या हातची आहे."